कोलंबोचे पत्र : ‘एकीय’चा पेच

कोलंबोत पाट्या पाहत हिंडायची मला सवय लागली आहे. वर सिंहली, मध्ये तमिळ, खाली इंग्रजी. सिंहली आपल्या मराठीची दूरची चुलत बहीण. लिपी डोक्यावरून जाते, पण कानावर मधूनच ओळखीचा शब्द पडतो. त्यातलाच एक ‘एकीय’. आपल्याला लगेच ‘एकी’ आठवते आणि बरे वाटते. इथे त्याचा अर्थ एकात्मक, म्हणजे सत्तेचा गड्डा कोलंबोत ठेवणारे राज्य. १९७८ च्या राज्यघटनेच्या दुसऱ्याच कलमात तो बसला आहे. त्याला कुणी धक्का लावू म्हटले, की देश पेटतो.

नीलन तिरुचेल्वम यांनी तो धक्का लावून पाहिला. हार्वर्डमध्ये शिकलेला हा तमिळ कायदेपंडित. १९८२ मध्ये सिंहली इतिहासकार किंग्सली डिसिल्वा यांच्या साथीने त्यांनी वांशिक प्रश्नांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. पुढच्याच जुलैत तमिळविरोधी दंगलीत कोलंबोत तमिळांची घरेदारे जळाली. हजारोंनी देश सोडला. नीलन आपले केंद्र चालवत राहिले.

१९९४ मध्ये ते खासदार झाले. मग कायद्याचेच प्राध्यापक असलेले मंत्री जी. एल. पीरिस यांच्याबरोबर बसून त्यांनी नव्या घटनेची मांडणी केली. १९९५ च्या त्या प्रस्तावात ‘एकीय’ जाऊन ‘प्रदेशांचा संघ’ आला होता. दोन शब्दांचा फरक! कडव्या सिंहलींना त्यात फाळणी दिसली, वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी, ‘ईलम’साठी, लढणाऱ्या एलटीटीईच्या तमिळ वाघांना त्या ईलमचा सौदा. नेमका शब्द सापडला की माणसे बसून बोलतील, हा नीलन यांचा वकिली विश्वास मला भाबडा वाटतो; पण त्या काळात दुसरे कोण काय मांडत होते, असे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

२९ जुलै १९९९. सकाळी ते घरून ऑफिसला निघाले होते. वाटेत वाघांच्या आत्मघातकी हल्लेखोराने गाडीजवळ स्फोट केला. वय ५५. लवकरच ते हार्वर्डला शिकवायला जाणार होते. बरोबर बारा वर्षांपूर्वी, याच तारखेला याच शहरात राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या होत्या. प्रांतांना काही अधिकार देणाऱ्या प्रांतिक परिषदा त्या करारातून आल्या.

ऑगस्ट २००० मध्ये त्या १९९५ च्या प्रस्तावातून निघालेला नव्या घटनेचा मसुदा संसदेत आला, तेव्हा विरोधी खासदारांनी त्याच्या प्रती सभागृहातच जाळल्या. ‘एकीय’ जागेवर राहिला. प्रांतिक परिषदांची शेवटची निवडणूक २०१४ मध्ये झाली. पुढे मुदती संपल्या आणि कारभार राज्यपालांकडे गेला. परिषदांच्या पाट्या मात्र आहेत, तिन्ही भाषांत.