सॉफ्टवेअरचा धंदा करायचाय? आधी घरातला कॉम्प्युटर तयार करा



"सर, सॉफ्टवेअर बनवायचं काम सुरू करायचंय, ऐंशी हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का?" हा प्रश्न सारखा येतो. माझा उलटा प्रश्न असतो: अजून एकही ग्राहक नाही, मग हप्ता कशातून भरणार? आधी घरात आहे तो कॉम्प्युटर तपासा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये रॅम किती आहे, डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, हे दिसतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. प्रोग्रॅम तयार करताना हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात आणि फिरणारी तबकडी तिथेच दमते. त्यानंतर रॅम. ८ जीबीवर काम चालतं, १६ जीबी असेल तर निवांत. पण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, म्हणून दुकानात पैसे देण्याआधी मॉडेल दाखवून विचारून घ्या.

आता विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल तर उबुंटू टाका, ते फुकट आहे. मात्र ग्राहकाच्या दुकानात विंडोज असेल, तर त्याला देण्याआधी सॉफ्टवेअर विंडोजवर चालवून बघावंच लागेल. क्रॅक केलेलं विंडोज किंवा एडिटर नको म्हणजे नको. उद्या ग्राहकाचा डेटा याच मशीनवर येणार आहे. आणि घरात पोरं गेम खेळत असतील तर त्यांचं यूजर अकाउंट वेगळं करा.

लिहायला व्हीएस कोड घ्या, फुकट आहे. पायथॉन शिकत असाल तर ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'मध्ये जोडण्याची एक चौकट असते, तिथे टिक करा. ती राहिली की 'पायथॉन सापडत नाही' असा संदेश येतो आणि नवीन माणसाचा अख्खा रविवार त्यात जातो.

सगळ्यात महत्त्वाचं गिट. समजा, तुम्ही गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी बिलाचं सॉफ्टवेअर करताय. मंगळवारी फॅटच्या दराचा हिशोब बदलला आणि बुधवारी सगळ्यांची बिलं चुकली. गिट असेल तर सोमवारची फाइल दोन मिनिटांत परत मिळते. गिटहबवर खासगी रिपॉझिटरीही फुकट मिळते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी तिथे चढवलेलं काम शाबूत.

पण इथे एक खड्डा आहे. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहून तो गिटमध्ये टाकला, तर नंतर ती ओळ पुसून उपयोग नाही. जुन्या इतिहासात पासवर्ड तसाच राहतो. मग पासवर्ड बदलणं हाच खरा उपाय. म्हणून पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव पहिल्याच दिवशी 'गिटइग्नोर'मध्ये लिहा. शेतकऱ्यांची खरी नावं आणि खाते नंबरही चाचणीसाठी वापरू नका, खोटी माहिती बनवून घ्या. ग्राहकाच्या डेटाबेसचा बॅकअप गिट घेत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क लागते.

आणि हो, एसएसडी घ्या की रॅम, पक्कं बिल मागा. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, व्यवसायासाठीच्या खरेदीवरचं १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. नोंदणी नसली तरी बिल जपून ठेवा, वॉरंटीला तेच लागतं.