फीच्या पावतीमागचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. बार्शीत माझ्या घरी एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. हातात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. पहिला हप्ता सोमवारच्या आत भरायचा होता. वडील म्हणाले, "सर, विहिरीकडची वीस गुंठं काढली तर चार वर्षांचं भागतंय. काढावी का?"

तीस वर्षं गणित शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहिता येत नाही. म्हणून मी अशा ठिकाणी शिकणाऱ्या, शिकून बाहेर पडलेल्या माझ्या मुलामुलींना फोन लावले.

त्याआधी एक घोळ निस्तरू. आपण सगळ्याला सरसकट 'प्रायव्हेट' म्हणतो, पण त्यात तीन प्रकार आहेत. पहिला, सरकारी विद्यापीठाशी संलग्न असलेलं विनाअनुदानित महाविद्यालय. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं अशा महाविद्यालयांना वाट करून दिली. त्यांची फी आज शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि बहुतेक जागा सरकारच्या सामायिक प्रवेशफेरीतून भरतात. दुसरा, अभिमत विद्यापीठ. त्याला १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याखाली दर्जा मिळतो. तिसरा, राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ. या शेवटच्या दोघांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. पदवीवर नावही त्यांचंच.

हा फरक कागदोपत्री वाटेल, पण तो थेट खिशाला लागतो. महाराष्ट्र सरकारनं ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी फेरीतून हवा. विनाअनुदानित महाविद्यालयं यात आली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली गेली. माझ्यासमोर बसलेल्या मुलीला सोलापूरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळत होती, आणि ही सवलत तिला लागू होती. वडिलांना याचा पत्ता नव्हता. गुळगुळीत पत्रकात हे कोण छापणार?

आता मुलांची मतं. पुण्यात तिसऱ्या वर्षाला असलेला एक जण खूश होता. अभियांत्रिकीबरोबर त्याला अर्थशास्त्राचे विषय घेता आले, प्रयोगशाळा रात्री उशिरापर्यंत उघडी असते, परीक्षेचा निकाल वेळेवर लागतो. निकाल वेळेवर लागणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी सहा-सहा महिने गुणपत्रिकेची वाट पाहिली त्यांनाच कळेल. एक मुलगी मात्र वैतागली होती. एका विषयाला एकाच सत्रात तीन शिक्षक बदलले. "इमारत आहे तिथंच आहे सर, माणसं टिकत नाहीत," असं ती म्हणाली. आणखी एकाची तक्रार फीबद्दल नव्हतीच. वसतिगृह, खानावळ, मित्रांबरोबरचं जाणंयेणं आणि त्यांच्यासारखं दिसण्याचा खर्च, हे घरी कुणी धरलंच नव्हतं.

नोकरीच्या आकड्यांवर सगळ्यांनीच हसून बोट ठेवलं. 'सरासरी पॅकेज आठ लाख' असं जाहिरातीत असतं. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले, तरी सरासरी आठच येते. आकडा खरा, पण आठ लाख मिळालेला मुलगा त्यात एकही नाही! विचारायचं ते हे: पगार ओळीनं लावले तर मधोमध कोण उभा आहे? आणि सरासरी काढताना नोकरी न मिळालेले धरलेत की सोडलेत?

मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते एका जुन्या विद्यार्थ्यानं. २०१२ मध्ये त्यानं एका अभिमत विद्यापीठासाठी सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, तेव्हा जामीनदार म्हणून सही माझी होती. पदवीनंतर वर्षभर त्याला काम मिळालं नाही आणि बँकेची नोटीस माझ्या दारात आली. घरात आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुढं त्यानं पै न पै फेडली. मी त्याला विचारलं, पैसे वसूल झाले का? तो म्हणाला, "शिक्षण वाईट नव्हतं सर. पण पहिली नोकरी मी निवडली नाही, हप्त्यानं निवडली." त्याला संशोधनाकडं जायचं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी त्या बापलेकीपुढं कागद घेऊन बसलो. दरवर्षी अडीच लाख, असं चार वर्षांत दहा लाखांचं कर्ज. हिशेबाच्या सोयीसाठी व्याज दहा टक्के. शिक्षण संपून आणखी एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजानं धरलं तरी पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार वर्षांचं, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचं व्याज होतं. ते साडेतीन लाख. म्हणजे फेड सुरू होते ती साडेतेरा लाखांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला जवळजवळ अठरा हजार आणि एकूण एकवीस लाखांच्या वर. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलं, पहिल्या वर्षी ते महिन्याला दोन हजारांच्या आसपास असतं, तर पुढचा हप्ता सव्वातेरा हजारांवर येतो. ज्या घरी हे जमण्यासारखं असेल तिथं जरूर करावं.

एवढं पाहून मी पुणं नको असं म्हटलं नाही. एखादा विषय दुसरीकडं मिळतच नसेल, शिक्षक टिकून असतील, तर जास्त फी देण्यात गैर काही नाही. 'विद्यापीठ' या शब्दावर मात्र माझा भरवसा नाही. छत्तीसगडच्या २००२ च्या कायद्याखाली शंभराहून अधिक विद्यापीठं उगवली होती, त्यांतली कित्येक कागदावरच. प्राध्यापक यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. तेव्हा आत असलेल्या मुलांचं काय झालं असेल! म्हणून मी त्या दोघांना सुचवलं, की आवार दाखवणाऱ्या माणसाबरोबर हिंडू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठा आणि मागच्या सत्रात कोण कोण शिकवत होतं ते विचारा.

ते दोघं रविवारी पुण्याला जाऊन आले. सोमवारी मुलीनं सोलापूरचा प्रवेश नक्की केला. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तोंड जरा पडलेलं होतं. प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती बारा जण उभे राहतात, आणि पुण्याला गेलेली तिची मैत्रीण फोनवर फारच वेगळं काही सांगते. मी काही बोललो नाही. वडिलांनी पिशवीतून कांदे काढून दिले. विहिरीकडच्या तुकड्यातलेच होते.