मिरचीच्या बाजारात बाईचा आवाज

हिरव्या मिरचीचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव रेणुकाईची संध्याकाळ बदलून जाते. भोकरदन तालुक्यातले हे गाव मिरचीच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. दिवस कलला की आसपासच्या खेड्यांतून दुचाकीवर, पिकअपमध्ये, मिळेल त्या वाहनाने पोती येऊ लागतात. काटा लागतो, भाव फुटतो, बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या भरल्या जातात. या सगळ्या गलबल्यावर गाणी वाजत असतात. चहाच्या टपरीवर एक, पिकअपच्या केबिनमध्ये दुसरे, कुणा पोराच्या खिशातल्या मोबाइलवर तिसरे.

गेल्या हंगामात आम्ही तिथे आमच्या खालांकडे मुक्कामाला होतो. खाला दिवसभर शेतात मिरची तोडून आल्या होत्या. बोटांची आग व्हायची म्हणून हाताला तेल लावत ओट्यावर बसल्या होत्या. बाजाराच्या बाजूने गाण्यांचा आवाज येत होता. थोडा वेळ ऐकून त्या सहज म्हणाल्या, "सब मर्दां-च गा रहे. औरतां किधर गए?"

आम्ही हसलो, आणि मग कान देऊन ऐकू लागलो. खरेच होते. एकामागून एक पुरुषी आवाज. मध्येच कुठे बाईच्या दोन ओळी आल्या, त्याही गाणे संपत आल्यावर.

गाणे ऐकावे की न ऐकावे, यावर आपल्या घरांत एकमत नाही, आणि तो निकाल देण्याचा आमचा अधिकारही नाही. पण गाणी वाजतात, हे तर आहेच. त्यांच्या याद्या लागतात, त्यात पहिला-दुसरा ठरतो, त्यावर पैसा फिरतो. मग खालांचा प्रश्न रास्त आहे. या याद्यांत बाया मागे का पडतात?

गंमत अशी की सुरुवात उलटी होती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्यात आली, तेव्हा त्या भोंग्यापुढे गायल्या त्या गौहर जान. ध्वनिमुद्रण संपताना त्या इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचे गाणे कुठले ते कळावे म्हणून ही सोय होती. पण त्यामुळे आपले नाव आपल्याच तोंडाने कोरून ठेवणारी बाई इतिहासात राहिली. बरेच उस्ताद या यंत्राला बिचकत होते. आवाज बाटेल, विद्या चोरीला जाईल अशी भीती होती. कोठ्यावरच्या गायिकांना तसली भीती बाळगून परवडणारे नव्हते. त्यांनी नवे यंत्र जवळ केले आणि देशभर त्यांच्याच तबकड्या खपू लागल्या.

त्या गायिकांना मान मिळाला असे मात्र नाही. शरीफ घरांत त्यांची तबकडी वाजायची, त्यांना दारात उभे केले जात नसे. यात आपल्याही आजोबा-पणजोबांची घरे आली. आवाज हवा, पण आवाजामागची बाई नको, ही खोड तेव्हापासूनची आहे.

पुढे बोलपट आले. चाळीसच्या दशकात जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, शमशाद बेगम, नूरजहाँ, सुरैया यांचे आवाज घुमत होते. १९४५ च्या 'जीनत' मध्ये तर सगळी कव्वाली बायांच्याच आवाजात झाली. कव्वाली म्हणजे मर्दांची मिरासदारी, अशी समजूत असताना ती गाजली. त्या काळात पडद्यावर नायिकेला पूर्ण गाणे मिळायचे. तिचे दुःख, तिची वाट पाहणे, तिची तक्रार यावर कथा चालायची, म्हणून गाणेही तिच्या तोंडी यायचे.

१९४९ मध्ये 'महल' आला. त्यातले लता मंगेशकर यांचे गाणे घराघरांत गेले, पण तबकडीवर लताबाईंचे नाव नव्हते. तिथे छापले होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव. ही गाणारी कोण, असे लोक रेडिओला विचारू लागले तेव्हा नाव कळले. गायकांची नावे तबकडीवर न छापण्याची रीत तेव्हा पुरुषांनाही लागू होती, हे खरे. तरी इतके गाजलेले गाणे आणि नाव पात्राचे, हे आम्हाला विसरता येत नाही. ते पुढे पुन्हा येणार आहे.

गाण्यांची क्रमवारी घराघरांत नेली ती अमीन सयानी यांनी. डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने फिल्मी गाण्यांना दार बंद केले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. (आमच्या वाचक भगिनींसाठी जाता जाता: अमीनभाईंच्या वालिदा कुलसुम सयानी यांनी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिप्यांत वर्षानुवर्षे चालवले. सोप्या जबानीत लाखोंशी बोलायची कला मुलाने घरातच पाहिली होती.) गीतमालेत गाण्याचा 'पायदान' ठरायचा तो तबकड्यांच्या दुकानांतला खप आणि श्रोत्यांची पत्रे, श्रोता संघांच्या फर्माइशी यांवरून. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'अनारकली'तले लताबाईंचे गाणे.

म्हणजे बायांचे बरे चालले होते, असे वाटेल. इथेच नीट पाहायला हवे. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू केला, तेव्हा गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता. १९६७ पर्यंत नऊ वेळा तो दिला गेला. मोहम्मद रफी यांना चार वेळा, मुकेश आणि महेंद्र कपूर यांना एकेकदा, आणि उरलेल्या तीन वेळा लताबाईंना. नऊ वर्षांत बाई जिंकली ती एकच. आशाबाई नाहीत, गीता दत्त नाहीत, शमशाद बेगम नाहीत. १९६८ पासून स्त्री-पुरुषांचे पुरस्कार वेगळे झाले आणि पहिल्याच वर्षी आशा भोसले यांना मिळाला. आमचे मत असे की लताबाईंच्या उंचीमुळे बाकीच्यांची अडचण झाकली गेली. एक बाई शिखरावर दिसली की लोकांना वाटते, वाट सगळ्यांसाठी मोकळी आहे. पुरुषांच्या बाजूला रफी, मुकेश, किशोर, मन्ना डे, तलत, हेमंतकुमार अशी रांग एकाच वेळी उभी राहू शकली. बायांच्या बाजूला जागा एकीचीच, फार तर दोघींची.

उरलेल्यांचे काय झाले ते मुबारक बेगम यांच्याकडे पाहून कळते. १९६१ च्या 'हमारी याद आएगी'चे शीर्षकगीत आजही रेडिओवर लागते. पण गायकाला एकदा मेहनताना मिळाला की विषय संपायचा. गाणे हजार वेळा वाजले तरी पुढे काही नाही. काम कमी होत गेले, आणि २०१६ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या छोट्याशा घरात, उपचाराला मदत मागण्याची वेळ आलेल्या स्थितीत त्या गेल्या. गाणाऱ्यांच्या मानधनाचा हक्क मान्य करणारी दुरुस्ती कायद्यात २०१२ साली झाली. मरहूम मुबारक बेगम यांच्या तरुणपणाला तिचा काय उपयोग?

मग नाजिया हसन आली. कराचीची, लंडनला वाढलेली पंधरा वर्षांची मुलगी. १९८० च्या 'कुर्बानी'त तिचे एक गाणे आले आणि पुढच्या वर्षी फिल्मफेअर घेऊन गेली. १९८१ ला 'डिस्को दीवाने' हा स्वतंत्र अल्बम. सिनेमाची नायिका नाही, कथा नाही, तरी मुलीचा आवाज खपतो हे तिने दाखवले. संगीतकार बिद्दू. त्याच बिद्दूबरोबर १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला. त्या दशकात अनैदा, श्वेता शेट्टी, सुनीता राव, मेहनाज अशी नावे टीव्हीवर रोज दिसत. ती बाजारपेठ ओसरली, सगळे पुन्हा सिनेमाच्या गाण्यांवर आले, आणि सिनेमा तोवर नायकाचा झाला होता.

आज गाणे कसे ठरते ते पाहा. नायकाचा विरह, नायकाचा जोश, नायकाची यारी-दोस्ती. नायिका समोर उभी राहून ऐकते. गाणे लिहिणारा पुरुष, चाल बांधणारा पुरुष, पैसा लावणारा पुरुष. आपल्या सिनेमात बायांनी संगीत दिलेच नाही असे नाही. नर्गिस यांच्या आई जद्दनबाई यांनी १९३५ च्या 'तलाश-ए-हक'ला दिले, त्याच काळात सरस्वती देवी बॉम्बे टॉकीजसाठी काम करत होत्या, पुढे उषा खन्ना, अलीकडे स्नेहा खानवलकर. पण ही नावे बोटांवर मोजता येतात. अरिजित सिंग वर्षानुवर्षे ऐकण्याच्या यादीत पहिले असतात. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. ज्या आवाजाला पूर्ण गाणी मिळतात, तोच आवाज लोकांच्या कानात बसणार. चार ओळी गाणारीचे नाव कुणी शोधत बसत नाही.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१२ ते २०१७ या सहा वर्षांतली तिथली सर्वांत गाजलेली ६०० गाणी तपासली. कलाकारांत बाया साधारण २२ टक्के, गाणी रचणाऱ्यांत १२ टक्के. गाण्यांची निर्मिती करणाऱ्यांत, म्हणजे जिथे खरे निर्णय होतात तिथे, दोन टक्के. त्यानंतर आकडे काहीसे सुधारले. तिथल्याच एका रेडिओ सल्लागाराने २०१५ मध्ये सांगितले होते की लोकगीतांच्या वळणाच्या स्टेशनांनी बायांची गाणी लागोपाठ लावू नयेत. पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला पाला, बाया म्हणजे त्यातले टोमॅटो. खूप गदारोळ झाला. आमच्या खालांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "टमाटा तो टमाटा, मिरची बोले होते तो समज में आता."

लोकच पुरुषांना पसंत करतात, त्याला कोण काय करणार, असे कुणी म्हणेल. 'इंडियन आयडॉल'चे पाहू, तिथे तर कौल प्रेक्षकांचाच. २००५ मध्ये पहिला विजेता आपला मुंबईचा अभिजित सावंत. नंतर २००९ मध्ये त्रिपुराची सौरभी देबबर्मा जिंकली. तिच्यानंतर थेट २०२५ मध्ये मानसी घोष. मोठ्यांच्या तेरा पर्वांत मुली दोनच. पण याच कार्यक्रमाची लहान मुलांची दोन पर्वे झाली, २०१३ आणि २०१५ मध्ये, आणि दोन्ही मुलींनी जिंकली. दहा-बारा वर्षांची मुलगी गाते तेव्हा देश तिला मत देतो. तीच वयात आली की मते कुठे जातात?

आम्हाला यात एक साधी गोष्टही दिसते. मत मोबाइलवरून द्यायचे, गाणे मोबाइलवर ऐकायचे, यादी त्या ऐकण्यावरून लागायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायांकडेच होता. उरलेल्यांची पसंती कुठल्याच यादीत जात नाही. बायाही पुरुषांचीच गाणी ऐकतात, हे कबूल, आमच्याच घरात ऐकतात. पण निदान बटण त्यांच्या हातात असते तर काय झाले असते ते पाहायला मिळाले असते. खालांच्या घरात पाच माणसे आणि दोन फोन आहेत. दोन्ही पुरुषांच्या खिशात.

फोनने दार उघडलेही आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांनी एकतारीवर गायलेली भीमगीते कुठल्याही कंपनीने नव्हे, लोकांनी फोनवरून गावोगाव पोहोचवली. इथल्या बाजारातही ती वाजताना आम्ही ऐकली.

तर त्या संध्याकाळची गोष्ट. खालांची नात नववीत आहे. नात फार गोड पढते. शाळेच्या कार्यक्रमात, घरच्या मिलादला तिलाच बोलावतात. थोरल्या नातवाने तिची एक नात फोनवर मुद्रित करून यूट्यूबवर टाकली होती. आम्ही पाहायला मागितली. पडद्यावर गुलाबाच्या फुलाचे चित्र, आवाज मुलीचा, आणि नाव भावाचे. ऐकणारे चांगले हजारावर गेले होते. खाली लोकांनी 'माशाअल्लाह भाई' असे लिहिले होते. आवाज कुणाचा हे न ऐकताच लिहिले असावे.

मुलगी भाकरी थापत होती. आम्ही तिला विचारले, तुझे नाव का नाही? ती काही बोलली नाही. भाऊ म्हणाला, "लोग बातां करते. शादी-ब्याह का मामला है कल." मुलगा वाईट नाही. बहिणीला शाळेत सोडायला तोच जातो, आणि मुद्रणासाठी चांगला माइक त्यानेच उसना आणला होता. त्याची भीती खोटी आहे असेही आम्हाला म्हणता येईना. आम्ही त्याला 'महल'च्या तबकडीची गोष्ट सांगितली. तो नीट ऐकत होता.

खाला मध्येच बोलल्या, "चेहरा मत डाल. नाम तो डाल. पढ़ी तो वो है."

त्याने फोन हातात घेतला, नाव बदलायची जागा उघडली आणि बापाकडे पाहिले. खालांचा मुलगा दिवसभराच्या मिरचीचा हिशेब वहीत मांडत होता. त्याने मान वर केली नाही. "कल देखेंगे," म्हणाला, "पहले ये पोते गिन."

मुलाने फोन खिशात टाकला आणि पोती मोजायला गेला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. परवा पाहिले तर गुलाबाचे फूल तसेच होते. नावाच्या जागी आता भावाच्या नावापुढे 'की बहन' असे दोन शब्द वाढले होते.