दुप्पट म्हणजे किती?

18 ऑक्टोबर 1995 रोजी ब्रिटनमधील औषधांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या सरकारी समितीने डॉक्टर, औषधविक्रेते व आरोग्याधिकारी यांच्या नावे एक तातडीचा खलिता काढला. डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन ही संप्रेरके असलेल्या नव्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत, शिरेमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट आढळतो, असा त्याचा आशय होता. खलिता अनेक डॉक्टरांच्या हाती पडण्यापूर्वीच ती वार्ता वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचली, आणि भयभीत झालेल्या अनेक स्त्रियांनी कोणाचा सल्ला घेण्याची वाटही न पाहता चालू पाकीट अर्धवट टाकून दिले.

वार्ता खोटी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. जुन्या गोळ्या घेणाऱ्या एक लाख स्त्रियांत वर्षाकाठी सुमारे 15 जणींना हा विकार होई, नव्या गोळ्या घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांत सुमारे 30 जणींना. म्हणजे अदमासे सात हजारांत एकीच्या जागी दोघींना. दुप्पट हा शब्द गणिताच्या दृष्टीने बिनचूक होता. परंतु ज्या स्त्रीला आपल्या प्रकृतीविषयी निर्णय करावयाचा होता तिला त्या शब्दाने आवश्यक ती माहिती दिलीच नाही, कारण ती माहिती सात हजार या आकड्यात होती आणि तो आकडा मथळ्यांच्या गलबल्यात मागे राहिला. शिवाय, गर्भारपणात हाच धोका लाखात सुमारे 60 इतका, म्हणजे नव्या गोळीच्याही दुप्पट असतो, ही गोष्ट त्याच वेळी तितक्याच ठळकपणे सांगणे अगत्याचे होते. इंग्लंड व वेल्समध्ये 1990 पासून उतरत चाललेले गर्भपातांचे प्रमाण पुढील वर्षी पुन्हा चढले, आणि या घबराटीपायी सुमारे 13,000 गर्भपात अधिक झाले असा अंदाज नंतर मांडण्यात आला. धोक्यापासून स्त्रियांचे रक्षण करण्याच्या हेतूने काढलेल्या जाहीरनाम्याने हजारो स्त्रियांवर नको असलेल्या गर्भारपणाचा प्रसंग आणला, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. लोकांना खरे सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहेच. पण अपुरे खरे सांगून कर्तव्य पार पडते, असे मानणाऱ्या दफ्तरशाहीला या प्रकरणी दोषमुक्त करता येणार नाही.

आकड्यांचा पाया विचारला तरी दुसरा एक प्रश्न उरतो: तुलना कोणाची कोणाशी झाली? रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना हृदयविकार पुष्कळच कमी होतो, असे हजारो परिचारिकांच्या दीर्घ पाहणीवरून दिसून आले होते, आणि त्या विश्वासावर वर्षानुवर्षे डॉक्टर या गोळ्या लिहून देत राहिले. परंतु स्वेच्छेने गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया सामान्यतः अधिक सुशिक्षित, अधिक सधन आणि प्रकृतीची अधिक निगा राखणाऱ्या असतात. तेव्हा हृदयाचे रक्षण गोळीने केले की त्या राहणीने, याचा निवाडा अशा पाहणीतून होणे कठीण. पुढे 16,608 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून, एका गटाला गोळी व दुसऱ्याला तशीच दिसणारी निरौषध गोळी देण्याचा प्रयोग झाला, आणि जुलै 2002 मध्ये तो मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार कमी नव्हता, किंचित अधिकच होता, आणि स्तनांच्या कर्करोगात 26 टक्के वाढ दिसत होती. आता हीच टक्केवारी मथळ्यांत झळकली. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला 30 ऐवजी 38 रुग्ण, हा तिचा अर्थ. प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि नुकतीच पाळी थांबलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे पुढील विश्लेषणांतून स्पष्ट होत गेले. पण भीती वयाची चौकशी करीत थांबली नव्हती.

जुलै 2023 मध्ये अॅस्पार्टेम या कृत्रिम गोडी देणाऱ्या पदार्थाची ‘संभाव्य कर्करोगकारक’ या श्रेणीत नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने केल्याची बातमी अशाच रीतीने आपल्याकडेही गाजली. ती श्रेणी पुराव्याच्या बळाविषयी बोलते, धोक्याच्या परिमाणाविषयी नव्हे. आणि त्याच वेळी त्याच संघटनेच्या दुसऱ्या एका तज्ज्ञसमितीने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली होती.

म्हणून प्रत्येक इशाऱ्याकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. डॉल व हिल या संशोधकांनी 1950 मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, तेव्हा वाढ टक्क्यांत नव्हती, कैक पटींत होती. आणि पुढे ब्रिटिश डॉक्टरांवरच पन्नास वर्षे ठेवलेल्या नजरेतून ती पक्की झाली. अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी जानेवारी 1954 मध्ये शेकडो वृत्तपत्रांत निवेदन छापून, पुरावा निर्णायक नाही अशी शंका जनतेच्या मनात पेरली, तीही शंकाच होती. पण विकत घेतलेली, आणि माणसांचे प्राण घेणारी. तिच्यात आणि जिज्ञासूच्या शंकेत भेद असा की जिज्ञासूला उत्तर हवे असते व ते मिळाले की तो मानतो.

मराठी संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आरोग्याच्या बातमीत टक्केवारी किंवा पट छापताना मूळ प्रमाण त्याच वाक्यात द्यावे, आणि निष्कर्ष नुसत्या पाहणीचा की चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा, तेही नमूद करावे. वाचकांनीही, हे दोन तपशील ज्या बातमीत नाहीत ती वाचून आपले चालू औषध स्वतः होऊन बंद करू नये. बातमीचे कात्रण घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि कितीपैकी किती, हे त्यांना विचारावे.