तारण काय?

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच कामांसाठी बोलावतात. सोसायटीचे हिशेब तपासायला, आणि त्याच्या नावावर तीन-चार कादंबऱ्या असतील तर कुठल्या तरी स्पर्धेचा परीक्षक म्हणून. पहिलं काम मी टाळतो. दुसऱ्यासाठी गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेलो होतो.

कथाकथन दुपारी दोनला होतं. मी सकाळी आठलाच जाऊन पोचलो. वेळेआधी पोचणं ही नोकरीतली खोड, ती काही गेली नाही. पण त्यामुळे एक अख्खा दिवस पदरात पडला. मैदानावर धावण्याच्या शर्यती, एका इमारतीत विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे तक्ते आणि सभागृहात कलेच्या स्पर्धा, असं सगळं एकाच दिवशी आलेलं. झाडाखाली तोंडाला पांढरा रंग फासलेली मूकनाट्यातली पोरं वडापाव खात होती. रंग निघू नये म्हणून ती ओठ लांब काढून असे काही घास घेत होती, की मला तेच मूकनाट्य वाटलं.

मैदानावर मुलींची पाच हजार मीटरची शर्यत चालू होती. चारशे मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या. पहिल्या तिघी पुढे निघून गेल्या होत्या. चौथी, सावळी, काटकुळी मुलगी नवव्या फेरीपासून एका पायावर जोर कमी देत होती. पोटरीत गोळा आलेला दिसत होता. थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही. चौथीच आली. चौथ्याला काही नसतं.

तिथून तक्ते बघायला गेलो. खरं सांगतो, निम्मे मला कळले नाहीत. एका तक्त्यापाशी मात्र अर्धा तास रेंगाळलो. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्याला मळी चिकटून वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकली की गूळ स्वच्छ होतो. ही आपल्याकडची जुनीच रीत. त्या मुलानं ती प्रयोगशाळेत मोजून पाहिली होती. किती रसाला किती भेंडी, कुठल्या तापमानाला घालायची, सगळे आकडे. त्याचे वडील गुळव्या. मी विचारलं, "मग वडिलांचा अंदाज बरोबर निघाला का?" तो हसला. म्हणाला, "बरोबर निघाला, सर. फक्त त्यांना किती ते सांगता येत न्हाई, हातालाच कळतं."

जेवणानंतर ग्रंथालयाकडे चक्कर मारली. या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. विद्यापीठ स्थापन झालं १९६२ साली. खर्डेकर त्याआधीचे, राजाराम कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या कॉलेजात शिकलेला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावा आला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. प्राचार्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड लावून पैसे जमवले आणि सरांचं घर सोडवलं, असं सांगतात.

ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ऐकणारे खर्डेकरांकडे बघतात, खाशाबांकडे बघतात. मी आपला त्या गहाणखताच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाकडे बघतो. कोणी तरी असणारच. कागद पुढे ओढून "तारण काय?" असं विचारणारा. त्या खुर्चीत मी अठ्ठावीस वर्षं बसलोय.

१९८९ साली मी राधानगरी तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एक शेतकरी मुलाला घेऊन आला. मुलगा कॉलेजात, पळणारा. विद्यापीठाच्या संघात निवड झालेली, आंतरविद्यापीठ स्पर्धेला परराज्यात जायचं. प्रवासाची सोय होती. बूट आणि दोन महिन्यांचा खुराक, यासाठी दीड हजार हवे होते. तारण काही नव्हतं. अशा कामाची योजना आमच्या पुस्तकात नव्हती. शिक्षणासाठीच्या कर्जाची सर्व बँकांची सरसकट योजनासुद्धा २००१ साली आली, बुटांचं तर नावच नको.

त्या शेतकऱ्यानं जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "सायेब, म्हशीला कर्ज मिळतंय न्हवं?"

"मिळतं."

"मग म्हशीसाठीच द्या की."

मी हसलो. एका कामाचं कर्ज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. अगदी गोड बोलून सांगितलं. नियमानं मी चुकलो नव्हतो, हे आजही सांगतो. पण माझा पगार त्या वेळी दीड हजारांहून जास्त होता, आणि खिशातून द्यायला कुठल्याच पुस्तकाची आडकाठी नव्हती. ते मला तेव्हा सुचलंच नाही. पुढे दोन वर्षं तो माणूस दूध संस्थेच्या बिलासाठी काउंटरवर यायचा, आवर्जून नमस्कार करायचा. मुलगा गेला की नाही, हे मी एकदाही विचारलं नाही.

दोनला कथाकथन सुरू झालं. सतरा स्पर्धक, त्यातल्या अकरा जणांच्या गोष्टीत आई मरते. बारावी म्हणून ती सकाळची सावळी मुलगी उभी राहिली. साडी नेसलेली, पायात स्लीपर, किंचित लंगडत. तिची गोष्ट एका म्हाताऱ्या कंडक्टरची होती आणि त्यात कोणीही मरत नव्हतं. मधे एकदा ती अडखळली, एक वाक्य विसरली. पण तिथं थांबून तिनं प्रेक्षकांकडे असं पाहिलं, की ते विसरणं कंडक्टरचंच वाटलं. आम्हा तीन परीक्षकांत तिच्यावरून चांगलीच जुंपली. एकांचं म्हणणं, पाठांतर कच्चं. मी पहिल्या नंबरासाठी हटून बसलो, शेवटी दुसऱ्यावर तडजोड झाली.

चहाच्या वेळी तिच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक भेटले. म्हटलं, "सकाळी पळून दुपारी गोष्ट? तिला जरा दम घेऊ द्यायचा."

"आमी काय सांगनार, सर? नाव तिनंच दोन्हीकडं दिलंय. गावाकडनं रोज एस.टी.नं येती. सकाळी मैदान, मग कॉलेज."

"आणि बूट?"

"बुटाचं आमचं आमी बघतो," ते म्हणाले आणि चहाचा कप ठेवायला वळले. मी आणखी काही विचारलं नाही. निघताना मात्र त्यांचा फोन नंबर मागून घेतला.

निकाल जाहीर व्हायला साडेसहा वाजले. उत्तेजनार्थ झालं, तिसरा झाला. मग तिचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मागच्या रांगेत, भिंतीला डोकं टेकून, मांडीवर बुटांची पिशवी धरून ती गाढ झोपली होती. मैत्रीण तिला हलवत होती.