कैद्याची चूल

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ, माणदेशाच्या कोरड्या माळावर, औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची एक वसाहत वसवली आणि तिला नाव दिले स्वतंत्रपूर. कल्पना मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या गांधीवादी अभियंत्याची. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. इथे उंच तट नाही. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला, आणि तो लिहिणारे गदिमा तर याच मुलखातले. पण सिनेमाने आपल्या मनावर जेलरचे डोळे ठसवले. वसाहतीची खरी करामत कैद्याच्या चुलीत आहे.

सुटलेल्या माणसाला काम द्या, आसरा द्या, असे आपण म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. दहा-बारा वर्षांत मुले बापाला परकी होतात, शेताचा बांध भावकीने सरकवलेला असतो, आणि कधी उठायचे, कधी जेवायचे हे दुसऱ्याने ठरवण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते. स्वतंत्रपुरात शिक्षा चालू असतानाच पेरणीची आणि पोरांच्या शाळेची काळजी माणसाच्या गळ्यात पडते. जयपूरजवळच्या सांगानेरच्या खुल्या कारागृहातले कैदी तर दिवसा बाहेर जाऊन कमावतात आणि आपला संसार आपणच चालवतात. घर मोडलेच नाही, तर सुटल्यावर ते नव्याने मांडावे लागत नाही.

यावर आक्षेप असा, की चांगल्या वर्तनाचे कैदी निवडून घेतल्यावर प्रयोग फसेल कसा? निवड होते, हे खरेच. पण असा भरवशाचा माणूसही बंद बराकीत ठेवला तर घरापासून तुटतोच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: ज्याचा माणूस मारला गेला त्याने हा संसार का पाहावा? त्या दुःखाला उत्तर नाही. मात्र बहुतेक शिक्षाबंदी एक दिवस गावात परतणारच आहेत. कसे परतावेत, एवढेच आपल्या हातात आहे.

या उपायाची मर्यादाही मोठी आहे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, आणि खुल्या कारागृहाची वाट शिक्षा झालेल्यांसाठीच. तिथेही आपण रेंगाळलो. निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी खुली कारागृहे काढावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने राममूर्ती खटल्यात १९९६ मध्येच सुचवले होते. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत ती अजून झालेली नाहीत.