मुलाच्या तोंडाला वास येतो? पोटाआधी तोंड पाहा



गटाच्या बैठकीत आपण कर्जाचं, बचतीचं उघड बोलतो; पण "माझ्या लेकराच्या तोंडाला वास येतो" हे कोणी बोलत नाही. शाळेत बाकावरची मुलं मात्र तोंडावर बोलतात, आणि ते लेकरू गप्प गप्प राहायला लागतं. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

आपल्याकडे पहिला दोष पोटाला जातो. जंत झाले असतील, असं म्हणून एरंडेल पाजलं जातं. पण बहुतेक वेळा वासाचं मूळ तोंडातच असतं. दातांच्या फटीतलं अन्न आणि जिभेवरचा पांढरा थर यांवर जंतू वाढतात, त्यांच्यामुळे वास येतो. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी वास जास्त येतो. घासल्यावर तो गेला, तर काळजी नको.

छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडे आपण भल्या पहाटे बागेत जातो आणि मूल नुसती चूळ भरून शाळा गाठतं. म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नका. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आपणच फिरवावा, जीभही हलक्या हाताने घासावी. त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आपण लावतो ते पाहून मूलही डबीत बोट घालतं. ती डबी आधी आपणच सोडायला हवी.

घासूनही वास राहिला, तर किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या किंवा टॉन्सिल हे कारण असू शकतं. "दुधाचे दात, पडणारच आहेत" असं म्हणू नका. त्यांच्या मुळाशी पू झाला, तर खालच्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर हरभरा, सोयाबीन किंवा मणी आत अडकलेला असू शकतो. घरी चिमट्याने काढू नका, आणखी आत जातो. घड्याळातला बटणासारखा सेल असेल, तर तासभरही थांबू नका.

श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, खूप तहान, सारखी लघवी आणि वजन घटणं, ही मधुमेहाची खूण असू शकते. मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी शाळेत एकदा येतं. त्यात दातही तपासतात आणि पुढच्या उपचाराला पाठवतात. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि आज रात्री एवढं करा: लेकराला मांडीवर घ्या, "आ" करायला सांगा आणि मोबाइलच्या उजेडात दात नीट बघा. रागवू नका. वास येतो हा त्याचा गुन्हा नाही.